दवाखाना खाडीपलीकडे

ठाणे, ता. २० नोव्हेंबर १८८८

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी श्रीपादाचा साष्टांग नमस्कार.

परवा रविवारी ‘आनंदराव स्मारक निधी’ची पहिली सभा रावसाहेब जयवंतांच्या दिवाणखान्यात झाली. भावोजींना जाऊन वर्ष होते न होते तोच त्यांच्या नावाने ठाण्यात काही उभे राहते आहे, हे पाहून मला काय वाटले ते कागदावर उतरत नाही. पंधरा माणसे आली होती. दोन वकील, हायस्कुलातले एक मास्तर, मुंबईहून शिकून आलेले तरुण डॉक्टर प्रभाकरपंत, बाकी आमच्या कलेक्टर कचेरीतली मंडळी. रावसाहेबांना अध्यक्ष केले आणि मला चिटणीस. कचेरीतली कारकुनी सांभाळून हे जमेल का, असे एकाने विचारले. मी म्हटले, “आई गेल्यावर ज्या बहिणीने मला वाढवले तिचे काम आहे. न जमून कसे चालेल?”

तू सांगितलेल्या चारही कामांना हात घातला आहे. मुलींच्या शाळेला एक मास्तरीण मिळते आहे. वाचनालयासाठी मासुंदा तळ्याच्या काठी दोन खोल्या घेतल्या. पुस्तकांच्या पेट्या मुंबईहून निघाल्या आहेत, आणि दर एकादशीला तिथेच कीर्तन ठेवायचे. खोपट वस्तीच्या बाजूला तालमीची जागा साफ होते आहे. दवाखान्याच्या जागेचे बोलणे चालू आहे, तेही लवकर ठरेल.

एक कल्पना माझी स्वतःची आहे. भावोजींना पोहण्याचा शौक होता, म्हणून जानेवारीत खाडी पोहण्याची शर्यत ठेवली आहे. ठाण्याच्या बंदरावरून निघायचे, कळव्याच्या काठाला हात लावायचा आणि परत यायचे. पहिल्या येणाऱ्याला शेला-पागोटे आणि रुप्याचे कडे. रावसाहेबांना ही गोष्ट फार आवडली.

तू निधीला द्यायच्या रकमेच्या दानपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे. तयार झाला की तुझ्या सहीसाठी कल्याणला घेऊन येईन. हेमा तुला नमस्कार सांगते.

तुझा
श्रीपाद


कल्याण, ता. २५ नोव्हेंबर १८८८

चिरंजीव श्रीपाद यास ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझे पत्र मी आधी मनात वाचले आणि मग घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘यांनी’ मला अक्षरे शिकवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बाईमाणसाला कोण पत्र धाडणार आहे. आज त्या असत्या तर त्यांनाही ऐकवले असते.

पुस्तकांना जागा मिळाली, कुस्तीला मिळाली, औषधाला मात्र अजून नाही. त्याविषयी मला सांगायचे आहे, ते नीट वाच.

आमच्या धाकट्या जाऊबाईंकडे कळव्याची चंद्रभागा कोळीण ठाण्याहून गाडीने मासळी घेऊन येते. मी खात नाही, पण मागल्या दारी तिच्याशी बोलत बसते. गेल्या आषाढात तिची सून सगुणा अडली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा देत होती. डॉक्टर ठाण्याला आणि मध्ये खाडी; गाडी कळव्याला थांबत नाही आणि आगगाडीच्या पुलावरून पायी कोणाला जाऊ देत नाहीत. पाऊस, वरून उधाण, एकही होडी सुटेना. शेवटी चंद्रभागेचा मुलगा दामाजी पोहत ठाण्याला गेला. डॉक्टर काही पोहत येणार नव्हता. त्याने औषध दिले, ते दामाजीने डोक्याला बांधून तसेच पोहत आणले. तोवर सगुणा गेली होती आणि मूलही.

हे सांगताना चंद्रभागा रडली नाही. मासळी साफ करता करता म्हणाली, “बाई, औषद ठान्याला आन मरन कलव्याला. आमी कंच्या काठाला ऱ्हावाचा?”

ठाण्यात सरकारी दवाखाना आहे, वैद्य आहेत. खाडीपलीकडे कोळी आहेत, मिठागरांवर राबणारी आगरी माणसे आहेत, त्यांना काही नाही. तेव्हा आपला दवाखाना कळव्याला व्हावा. हे माझे म्हणून सभेत मांड. तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

हेमाला आणि बाळाला जपत जा. तिला हळीव पाठवले आहेत.

ताई


ठाणे, ता. १४ डिसेंबर १८८८

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. कचेरीत वर्षअखेरीचे काम, त्यात निधीची धावपळ.

दवाखान्याचे ठरले. रावसाहेबांनी आपल्या घराची पुढची पडवी मोकळी करून दिली आणि गेल्या सोमवारपासून कामही सुरू झाले. प्रभाकरपंत सकाळी दोन तास बसतात. दवाखान्याला रावसाहेबांच्या कैलासवासी मातोश्रींचे नाव द्यायचे आहे. जागा त्यांची असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

तुझे म्हणणे मी सभेत मांडले. पण बहुमत पडले ते अलीकडच्या बाजूने. डॉक्टरांनी रोज खाडी ओलांडायची, कळव्यात धड इमारत नाही, औषधे दमट हवेत बिघडतील, अशी कारणे निघाली. ती अगदीच खोटी नाहीत. शिवाय कळव्याचे लोक बाजाराला ठाण्यात येतातच, तसे औषधालाही येतील. मी एकटा किती बोलणार? वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा विषय काढता येईल.

दानपत्र तयार आहे. पौषात घेऊन येतो.

एक चांगली बातमी. कचेरीत अव्वल कारकुनाची जागा रिकामी होते आहे. रावसाहेब कलेक्टर साहेबांकडे शब्द टाकणार आहेत. अजून पक्के नाही, म्हणून हेमाखेरीज कोणाला बोललो नाही.

शर्यतीला अठरा नावे आली. चेंदणीच्या कोळीवाड्यातलीच अकरा. तुझ्या चंद्रभागेचा दामाजीही नाव देऊन गेला. उंच, मितभाषी माणूस आहे.

श्रीपाद


कल्याण, ता. १८ डिसेंबर १८८८

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

पत्र पावले. तू माझे म्हणणे मांडलेस आणि एकटा पडलास, हे वाचून वाईट वाटले. पण अभिमानही वाटला. ज्याच्या हातात आपली बढती आहे त्याच्यासमोर उभे राहून बोलणे सोपे नाही. तू ते केलेस. आता तुझ्यावर आणखी भार टाकत नाही.

सहीची घाई करू नकोस. मी चार दिवस टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला जाते आहे. आल्यावर बोलू.

ताई


ठाणे, ता. २८ जानेवारी १८८९

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी नमस्कार.

काल शर्यत झाली. सगळे सविस्तर लिहितो, आणि शेवटी जे लिहायचे आहे तेही लिहीन.

कोळी मंडळींच्या सल्ल्याने भांगाच्या भरतीचा दिवस धरला होता. त्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते. बंदरावर हजारभर माणूस जमले. साहेब मडमेसह आले होते, त्यांच्यासाठी शामियाना उभारला होता. पलीकडे कळव्याच्या काठावरही माणसांची रांग दिसत होती. बंदुकीच्या आवाजाला अठरा जणांनी उड्या टाकल्या. जाताना आमच्या तालमीतला एक जण पुढे होता. कळव्याचा काठ लागला आणि परत वळताना दामाजीने जी मुसंडी मारली ती पाहण्यासारखी होती. दुसरा येईपर्यंत तो अंग पुसून उभा होता.

रावसाहेबांनी त्याच्या खांद्यावर शेला घातला, पागोटे दिले. टाळ्या थांबेनात. मग कडे पुढे केले, तेव्हा त्याने हात मागे घेतला. रावसाहेब म्हणाले, “अरे, घे. लाजतोस कशाला?”

दामाजी हळू बोलला, पण पुढच्या चार रांगांना ऐकू गेले. “रावसायेब, आषाढान बी मी हीच खारी पोहून आलेलू. तवा कोनी टाल्या नाय वाजवल्या. मना कडा नको. दवाखाना आमच्या काठाला द्या.”

साहेबांनी दुभाष्याला विचारले, हा काय म्हणतो. रावसाहेब हसून म्हणाले, “बघू, बघू,” आणि दुसऱ्याला पुढे बोलावले. दामाजी नमस्कार करून होडीत बसला. कडे तिथेच मेजावर राहिले.

आज सकाळी रावसाहेबांनी मला बोलावले. शर्यतीचा वृत्तांत निधीच्या वहीत लिहायचा होता. ते म्हणाले, “दामाजी पहिला आला एवढे लिहा. तो काय बोलला ते नको.” मी म्हटले, “बोलला ते हजार लोकांनी ऐकले आहे.” ते म्हणाले, “लोक विसरतात. वही विसरत नाही.” मी घरी आलो आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले. सही केली. वही अजून माझ्याकडे आहे.

पण ताई, ही काही बहादुरी नाही, आणि तुला तसे वाटू नये म्हणून पुढचे लिहितो.

डिसेंबरातल्या सभेत मी तुझे म्हणणे मांडले नाही. एका शब्दानेही नाही. रावसाहेबांनी पडवीचा विषय काढला तेव्हा तुझे पत्र माझ्या खिशात होते. मी ते बाहेर काढले नाही. डॉक्टरांनी खाडी ओलांडणे, दमट हवा, ही सारी कारणे ठरावात मीच लिहून दिली. माझ्या अक्षरात आहेत. अव्वल कारकुनाची जागा डोळ्यांपुढे होती. मग तुझे ते पत्र आले, अभिमान वाटला असे लिहिलेले. ते मी पेटीत ठेवले आणि पुन्हा उघडले नाही.

काल दामाजी बोलला तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. आता तू म्हणशील ते.

श्रीपाद


कल्याण, ता. ३ फेब्रुवारी १८८९

श्रीपाद यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण लिहिले असते ते टोचून लिहिले असते.

मला हे ठाऊक नव्हते. मी तुझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता, म्हणून लागले. ते लपवीत नाही.

आता माझेही ऐक. मी टिटवाळ्याला गेले नव्हते. चंद्रभागेबरोबर ठाण्याला उतरले आणि तिच्या होडीतून कळव्याला गेले. तीन दिवस मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहिले, चूल मांडून स्वतःचे रांधून खाल्ले. गावातल्या बायका संध्याकाळी येऊन बसत. एकीच्या मुलाचा कान वाहत होता, एकीच्या पायाला मिठाने भेगा पडून पू झाला होता. मी विचारले, ठाण्याला नवा दवाखाना निघाला आहे, तिथे का जात नाही? चंद्रभागा म्हणाली, “उद्या चला, मंग तुमीच बगा.”

दुसऱ्या दिवशी पदर पुढे ओढून मी तिच्याबरोबर रावसाहेबांच्या फाटकाशी उभी राहिले. ओळखीची माणसे पडवीत जाऊन बसत होती. कोळी-आगरी घोड्याच्या पागेपाशी उन्हात. त्यांची पाळी सर्वांच्या शेवटी आली. गड्याने बाटली जमिनीवर ठेवली आणि तो मागे सरला, मग चंद्रभागेने ती उचलली. प्रभाकरपंतांना हे दिसत नव्हते, ते आत होते. तू पडवीत बसून नावे लिहीत होतास. तू मान वर केली नाहीस.

मी तुला हाक मारणार होते. मग वाटले, हा बिचारा सगळ्यांशी भांडून एकटा पडला आहे, त्याला आणखी लाज कशाला आणू. आणि तशीच परतले.

हे वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे. मी आणखी काही बोलणार नाही. तू स्वतःहून लिहिलेस, कोणी विचारले नसताना लिहिलेस, तेवढे मला पुरे आहे. राहिलेले कामाने फेडायचे.

दानपत्रावर मी अजून सही केलेली नाही. सतरा तारखेला रविवार आहे. सभा बोलाव. मी येते. तुझ्या भावोजींचे दोन मित्र रुसतील, बाईमाणूस सभेत कशी म्हणतील. म्हणू देत. माझ्यासाठी पडदा लावू नकोस, एक खुर्ची ठेव. आणि वही घेऊन ये.

ताई


ठाणे, ता. १८ फेब्रुवारी १८८९

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

काल बोलणे संपताच तू गाडी गाठायला उठलीस, त्यामुळे मागे काय झाले ते तुला कळले नाही.

आधी सांगतो, तुझे बोलणे मी वहीत शब्दशः उतरवले आहे. “तुमच्या घरी रोगी यावेत ही तुमची इच्छा चांगली आहे, पण तिथे रोग्याला आधी घोड्याची पाग लागते,” हे वाक्यही तसेच लिहिले. तू आवाज चढवला नाहीस. तीन दिवस काय पाहिले ते नुसते सांगितलेस. प्रभाकरपंतांची मान खाली गेली ती शेवटपर्यंत वर आली नाही.

मला वाटले होते, सही हेच तुझे हत्यार असेल. ‘कळवा नाही तर दान नाही’ असे तू म्हणशील आणि रावसाहेब ताठरतील. त्याऐवजी तू दानपत्रावर सही करून म्हणालीस, “माझ्या पैशाच्या दवाखान्यालाही माझ्या यजमानांचे नाव नको. ठरले आहे तसे रावसाहेबांच्या मातोश्रींचेच द्या. पण ते कळव्याला लागू द्या.” भावोजींसाठी तू हे सारे उभे केलेस. त्यांचे नाव काढून दिलेस तेव्हा मी तुझ्याकडे पाहू शकलो नाही.

तू गेल्यावर वकिलांनी पान लावायला घेतले. मग मी उभा राहिलो आणि सांगितले की डिसेंबरचा ठराव मी लिहिला, बाईंचे पत्र खिशात असताना लिहिला, आणि तो मागे घ्यावा अशी माझी सूचना आहे. एका गृहस्थांनी विचारले, “चिटणिसांना हे आजच आठवले?” मी म्हटले, “आठवत होतेच. बोलायला आज जमले.”

रावसाहेब शेवटी म्हणाले, “माझ्या आईचे नाव बाईंनी खाडीपलीकडे नेऊन ठेवले. आता मी अलीकडे बसून काय करू?” त्यांनी वही मागितली. दामाजीचे शब्द वाचले. मला वाटले खोडतील. त्यांनी खाली सही केली.

प्रभाकरपंतांनी आठवड्यातून तीन दिवस जायचे कबूल केले. ते म्हणाले, आषाढ-श्रावणात होडीचा भरवसा नाही, तेव्हा ते दोन महिने मी कळव्यालाच राहीन. औषधाची बाटली रोग्याच्या हातात द्यायची, हेही ठरावात घातले आहे. शब्द माझे आहेत, या वेळी लाज वाटत नाही.

सगळे गेल्यावर रावसाहेब मला म्हणाले, “श्रीपादराव, साहेबांशी तुमच्याबद्दल बोलायचे राहून गेले.” मी म्हटले, “राहू द्या.”

घरी येऊन हेमाला सांगितले. ती म्हणाली, “बरे झाले. दोन महिने तुम्ही जेवताना कोणाशी बोलत नव्हता.”

श्रीपाद


कळवा, ता. १० नोव्हेंबर १८८९

चि. श्रीपाद आणि चि. सौ. हेमा यांस ताईचे अनेक आशीर्वाद.

शहापूरची हवा बाळाला मानवली हे वाचून जिवाला बरे वाटले. अव्वल कारकुनाची जागा दुसऱ्याला गेली आणि तुझी बदली तिकडे झाली, याचे वाईट वाटून घेऊ नकोस असे मी लिहिणार होते. पण तुझ्या पत्रात त्याची खंत कुठे दिसली नाही. तिथे वाचनालय काढण्याचे तू मनावर घेतले आहेस, तेव्हा निधीकडून पुस्तकांची एक पेटी पाठवायला सांगितले आहे.

तू मला विचारलेस, कल्याणचे घर सोडून कळव्याला का राहतेस. खरे तर मी आठ दिवसांसाठी आले होते. पाऊस लागला, प्रभाकरपंत राहायला आले, त्यांच्या हाताखाली कोणी हवे होते. बायका पुरुष डॉक्टरापुढे बोलत नाहीत. त्या मला सांगत, मी प्रभाकरपंतांना सांगे. मग राहूनच गेले. पाटलांनी दोन खोल्या दिल्या आहेत.

पावसाळ्यात पाच बाळंतपणे झाली. एक अवघड होते. होडी बंद, वारा असा की कौले उडत होती. प्रभाकरपंत रात्रभर बसले, चंद्रभागा त्यांच्या शेजारी. आता तिला कार्बोलिक औषधाच्या पाण्याने हात धुवायचे, नाळ कशी बांधायची हे सारे येते. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बाहेर आल्यावर चंद्रभागा तोंडावर पाणी मारीत कितीतरी वेळ उभी होती.

श्रावणात रावसाहेब होडीतून आले. मध्यावर लाट लागली आणि त्यांना ओकारी झाली. काठावर उतरल्यावर म्हणाले, “बाई, या पाण्यातून माणसे रोज येतात-जातात?” दामाजी होता, तो म्हणाला, “आमी येतू. आता तुमी बी आलाव.” ते हसले. त्यांनी आईच्या नावाचा फलक पाहिला, रोग्यांमध्ये बाकावर बसले. मला वाटते ते पुन्हा येतील.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला बायका माझ्याकडे येत. रोज किती वाचणार, म्हणून त्यांना अक्षरे शिकवायला लागले. आता नऊ जणी दुपारी पाटी घेऊन बसतात. शाळा म्हणायची तर म्हण. दामाजी पलीकडे तालमीतल्या मुलांना पोहायला शिकवतो, निधीने त्याला नेमले आहे. वकिलांची मुले त्याला गुरुजी म्हणतात, याची त्याला अजून सवय झालेली नाही.

एक गोष्ट तुम्हा दोघांनाच लिहिते. परवा सकाळी ओहोटीच्या वेळी बायका धुण्याला गेल्या होत्या, तिकडे पुरुष येत नाहीत. चंद्रभागा म्हणाली, “एवरी खारीच्या काठाला ऱ्हाता, पान्यान कवा उतरनार?” मी शेहेचाळीस वर्षांची. लहानपणी तळ्याच्या पायरीपुढे कधी गेले नाही. ‘हे’ पोहायचे तेव्हा मी काठावर धोतर धरून उभी असायची. मी पदर खोचला आणि उतरले. चिखल थंड, पायाखाली सरकणारा. पाणी छातीला लागले तेव्हा परत फिरावेसे वाटले. चंद्रभागेने पोटाखाली हात धरला आणि सांगितले तसे मी हातपाय मारले. नाकातोंडात खारे पाणी गेले. मग तिने हात काढून घेतला. मला ते कळलेच नाही. पाच-सहा हात गेल्यावर मागे पाहिले तर ती तिकडे उभी, दोन्ही हात वर करून दाखवीत होती.

हे कोणाला सांगायचे नाही असे मी तिला बजावले होते. दुपारी पाटी घेऊन बसलेल्या नऊही जणींना ठाऊक होते, आणि उद्या आणखी तिघींना पाण्यात यायचे आहे.

तुमची
ताई